शांतारामबापूंच्या पडद्यावरचा शत्रू

सिंहगडावर तुम्ही कितीदा गेलात, हे मी विचारणार नाही. पुण्यात कॉलेज करणाऱ्याला तो प्रश्नच फाऊल आहे. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही आणि तानाजी कड्यावरचे फोटो, एवढं सगळ्यांचं झालेलं असतंच. पण कड्याकडून वर आलं की पुढच्या टेकाडावर एक चौकोनी दगड आहे, तो कधी नीट पाहिलाय? ते उदेभान राठोडाचं स्मारक मानलं जातं. म्हणजे आपल्या गोष्टीतल्या व्हिलनचं. बहुतेक लोक त्याच्या बाजूने पुढे निघून जातात.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री या गडावर जे झालं, त्याची हकिकत तशी थोडक्यात सांगता येते. पुरंदरच्या तहात गेलेला कोंढाणा परत घ्यायचा होता. तानाजी मालुसरे मावळे घेऊन कड्याने वर चढले. मोगलांचा किल्लेदार उदेभान, हा राजपूत. दोघं एकमेकांशी लढले आणि दोघंही पडले. सूर्याजीने लढाई पुढे नेली, गड आला. उदेभान काय खायचा, कुणावर प्रेम करायचा, हसायचा कसा, याबद्दल इतिहासाकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही. तरीही तुमच्या-माझ्या डोक्यात त्याचं पक्कं चित्र आहे. २०२० च्या 'तान्हाजी'त तो मगर भाजून खातो. एका राजपूत स्त्रीला तो जबरदस्तीने पळवून आणतो, ही गोष्ट तर त्याहून खूप जुनी. हरि नारायण आपट्यांनी १९०३ मध्ये 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली, त्यात कमलकुमारीचं कथानक आहे. कादंबरीकाराला तेवढी मोकळीक असतेच. पण सिनेमाला ते कथानक भलतंच सोयीचं पडलं आणि १२० वर्षं झाली तरी ते सुटलेलं नाही.

या कादंबरीवरच्या दोन सिनेमांत एक माणूस होता. एकात नट म्हणून, दुसऱ्यात दिग्दर्शक म्हणून. लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआयच्या गेटवरून तुम्ही रोज जाता, तो स्टुडिओ उभारणाऱ्यांपैकीही तो एक. व्ही. शांताराम. आपल्या पिढीला ते 'नवरंग'च्या गाण्यांमुळे किंवा 'पिंजरा'मुळे माहीत असतात. मला मात्र त्यांचं आयुष्य वेगळ्या बाजूने सांगायचंय: लढाई आणि शत्रू पडद्यावर कसा दाखवायचा, हा प्रश्न त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा आला आणि प्रत्येक वेळी त्यांनी त्याचं वेगळं उत्तर दिलं.

एकविशीतला शेलारमामा

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ चा, कोल्हापूरचा. वडील जैन, आई हिंदू. शिक्षण फार झालं नाही. लहानपणी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत काढला, मग हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी, शिवाय तिथल्या थिएटरात पडेल ते काम. १९२० मध्ये ते कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले. बाबूराव पेंटरांची ही कंपनी. तिथे डिपार्टमेंट वगैरे भानगड नव्हती. झाडू मारा, सामान वाहा, फिल्म धुवा, जोडा, आणि बोलावलं की तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभे राहा. आजच्या भाषेत सांगायचं तर बिनपगारी-छाप इंटर्नशिप. (या विषयावर मी अधिक बोलत नाही.)

१९२३ मध्ये बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' काढला. मूकपट. बाबूराव स्वतः शिवाजी महाराज झाले आणि ऐंशी वर्षांच्या शेलारमामाचं काम दिलं एकवीस वर्षांच्या शांतारामांना. आता अडचण बघा. त्या काळी शूटिंग व्हायचं उन्हात, छताला पांढरं कापड ताणून. पण सिंहगडची लढाई तर रात्रीची! भर उन्हात कडा चढणारे मावळे कोण खरे मानणार? म्हणून बाबूरावांनी दिवे आणले. भारतीय सिनेमात कृत्रिम प्रकाश पहिल्यांदा वापरला गेला तो याच चित्रपटात, असं मानलं जातं. थोडक्यात, आपल्याकडे सिनेमाचा लाइट लागला तो लढाईसाठी.

मूकपटात आणखी एक पंचाईत असते. 'हर हर महादेव' ऐकू येत नाही. गर्दीत तलवारी चालल्यात, मग आपला कोण आणि त्यांचा कोण हे प्रेक्षकाला क्षणात कळायला हवं. त्यासाठी दाढी, भुवया, पगडी, डोळ्यांतलं काजळ. शिवाय कॅमेऱ्याची एक शिस्त, जी मास कॉमच्या पहिल्याच वर्षी शिकवतात: आपले सैनिक पडद्यावर एका बाजूकडून धावत येतात, शत्रू दुसऱ्या बाजूकडून, आणि मध्ये ही रेघ ओलांडायची नाही. नायकाचा चेहरा जवळून दाखवायचा, शत्रूचा घोळका लांबून. त्यामुळे नायकाला जखम झाली की आपल्याला लागते. घोळक्यातला कुणी पडला तर आकडा वाढतो. हे कुणी ठरवून केलेलं कपट नाही, ही गोष्ट सांगायची सोय आहे. पण या सोयीची सवय लागते. १९२५ च्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये आयझेनस्टाइनने पायऱ्यांवरून गोळ्या झाडत उतरणारे झारचे सैनिक दाखवले, त्यात आपल्याला आठवतात ते बूट आणि बंदुका. चेहरे नाहीत. रशियात असो की कोल्हापुरात, युक्ती तीच.

त्याच १९२५ मध्ये बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' केला. त्यात शांताराम शेतकरी झाले. या सिनेमात ना तलवार, ना किल्ला. जमीन गिळणारा सावकार हाच शत्रू, आणि तो बोलतो आपलीच भाषा. शेलारमामा करणाऱ्या नटाच्या हाती दोन वर्षांत असा शत्रू आला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे त्यांनी स्वतः जे केलं त्याची एक मुळी इथे आहे.

शत्रू एक, नेम दुसऱ्यावर

दिग्दर्शनाची सुरुवात १९२७ मध्ये 'नेताजी पालकर'पासून झाली. मग १ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, धायबर, सीतारामपंत कुलकर्णी आणि शांताराम अशा पाच भागीदारांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. प्रभातच्या मूकपटांपैकी एक शिवाजी महाराजांवरचा होता आणि महाराजांची भूमिका खुद्द शांतारामांनी केली. त्याचं मूळ नाव 'स्वराज्याचं तोरण'. सेन्सॉरला हे नाव खपलं नाही. काटछाट झाली, नाव बदलून 'उदयकाल' झालं.

इथे जरा थांबा. गोष्ट सतराव्या शतकातली, पडद्यावरचा शत्रू तीनशे वर्षांपूर्वीचा. मग मुंबईत बसलेल्या इंग्रज सरकारच्या पोटात का दुखलं? कारण थिएटरात टाळ्या कुणाच्या विरोधात पडतायत, हे सरकारला चांगलं कळत होतं. त्या काळच्या ऐतिहासिक सिनेमाला दोन शत्रू असायचे. एक पडद्यावर, दाढी आणि चिलखत घातलेला. दुसरा थिएटरबाहेर, हॅट घातलेला. पडद्यावरचा शत्रू हा मुखवटा होता आणि प्रेक्षक मुखवट्यापलीकडे बघत होते. १९३५ मध्ये 'महात्मा' नावाच्या संत एकनाथांवरच्या सिनेमाचंही असंच झालं, गांधीजींची आठवण येते म्हणून त्याचं 'धर्मात्मा' करावं लागलं.

गंमत अशी (आणि ही माझी समजूत आहे, कुठल्या पुस्तकातली नाही) की १९४७ ला हॅटवाला निघून गेला, पण मुखवटा आपल्याकडेच राहिला. आजचा सिनेमा तोच मुखवटा वापरतो, आणि आता त्याच्यामागे प्रेक्षकांना कोण दिसतं याचा विचार करायला हवा. २०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली, तेव्हा विधिमंडळात मुख्यमंत्र्यांच्या निवेदनातही 'छावा'चा उल्लेख आला होता. सिनेमाने दंगल घडवली असं मी म्हणत नाही. पण शत्रू थिएटरात बसून राहत नाही, आपल्याबरोबर पार्किंगपर्यंत येतो, हे तर दिसतंच.

१९३३ मध्ये शांतारामांनी 'सिंहगड' पुन्हा केला, या वेळी बोलपट, आणि दिग्दर्शक म्हणून. पुन्हा आपट्यांचीच कादंबरी. आता आवाज होता, घोषणा होत्या, शस्त्रांचा खणखणाट होता. माझ्या मते शत्रूच्या बाबतीत मात्र यात नवं काही नाही. नवं सुरू झालं ते त्यानंतर.

जर्मनीची वारी आणि एक डोळा

त्याच वर्षी 'सैरंध्री'च्या रंगीत प्रिंटच्या कामासाठी ते जर्मनीला गेले. १९३३ चं जर्मनी! हिटलर नुकताच सत्तेवर आला होता. तीनच वर्षांपूर्वी, १९३० च्या डिसेंबरात, बर्लिनमध्ये 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा अमेरिकन सिनेमा लागला होता आणि नाझींनी थिएटरात गोंधळ घालून त्यावर बंदी आणायला लावली होती. त्या सिनेमात असं काय होतं? एक जर्मन पोरगा तोफगोळ्याच्या खड्ड्यात एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो, आणि मग त्याच्या शेजारीच रात्र काढतो. तो सैनिक हळूहळू मरतो. त्याच्या खिशात बायको-मुलीचा फोटो निघतो. बस्स. शत्रूला चेहरा मिळाला की लढाईचा सगळा हिशोब बिघडतो, आणि ज्यांना पुढची लढाई करायची असते त्यांना हे परवडत नाही. (याचा २०२२ चा जर्मन रिमेक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ऑस्करही मिळाले त्याला.)

परत आल्यावर प्रभातचा मुक्काम कोल्हापुरातून पुण्याला हलला. पुण्याच्या स्टुडिओतला पहिला मोठा सिनेमा 'अमृतमंथन', १९३४. तो आज पाहिला तरी एक गोष्ट विसरता येत नाही: पडदाभर एकच डोळा. राजगुरूचा. राजाने यज्ञातले बळी बंद केले म्हणून धर्माच्या नावाने राजाचाच खून करायला लावणारा हा राजगुरू. मराठीत केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. टेलिफोटो लेन्सने घेतलेला तो डोळा बघून प्रेक्षक हादरले. पण मला सांगायचंय ते वेगळंच. आतापर्यंत शत्रू हा लांबचा घोळका होता, जवळून दिसायचा तो नायक. इथे कॅमेरा शत्रूच्या इतका जवळ गेला की बुबुळ दिसावं. आणि हा शत्रू कुठल्या परमुलखातून आलेला नाही. तो आपल्याच देवळातला आहे, आपल्याच राज्यातला, लोक त्याच्या पाया पडतात.

मग 'कुंकू' आला १९३७ मध्ये, जिथे लढाई म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न लावून दिलेल्या मुलीची. 'माणूस' आला १९३९ ला. हे सगळे सिनेमे इथेच झाले, ज्या रस्त्याला आपण आज प्रभात रोड म्हणतो त्याच्या आसपासच्या परिसरात.

धरणावरचे दोघं

१९४० च्या मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगने वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला. पुढच्याच वर्षी प्रभातने 'शेजारी' आणला, हिंदीत 'पडोसी'. एका गावात दोन म्हातारे मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान. बुद्धिबळ खेळतात, एकमेकांशिवाय चालत नाही. गावाजवळ धरण बांधायला एक धनवान येतो. त्याला हे दोघं एकत्र नको असतात, कारण गाव एकत्र राहिलं तर जमीन मिळणार नाही. तो फट शोधतो, संशय पेरतो, आणि मित्र दुरावतात. शेवटी धरण फुटतं. पाण्याचा लोंढा, ढासळणारा दगड, पळणारी माणसं... त्या काळच्या मानाने अवाढव्य क्लायमॅक्स. कुठल्याही युद्धपटाला लाजवेल असा. आणि त्या सगळ्यात ते दोघं म्हातारे हातात हात घेऊन जातात.

मला हा सिनेमा शांतारामांच्या सगळ्या लढायांमधला सगळ्यात अवघड वाटतो. कारण इथे शत्रू ओळखायला दाढी-भुवयांची मदत नाही. उलट, प्रेक्षकांनी ज्याला शत्रू समजायचं अशी बाहेर हवा तापत होती, तोच इथे मित्र आहे. हिंदी आवृत्तीत त्यांनी आणखी एक खोडी काढली. हिंदू ठाकूरचं काम दिलं मजहर खान यांना आणि मुसलमान मिर्झाचं गजानन जागीरदारांना. मराठीत जागीरदार मिर्झाच राहिले, हिंदू म्हातारा झाले केशवराव दाते.

सिनेमाने फाळणी थांबली का? नाही थांबली. सहा वर्षांत जे व्हायचं ते झालंच. सिनेमाकडून एवढी अपेक्षा करणंही चूक आहे.

सोलापूरचा डॉक्टर, पडद्यावरचा आणि खरा

१९४२ मध्ये भागीदारांशी बिनसलं. शांतारामांनी प्रभात सोडली, पुणंही सोडलं. मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभं केलं. नाव आई-वडिलांवरून, राजाराम आणि कमल. पहिला सिनेमा 'शकुंतला', १९४३ चा, तुफान चालला. पण जगात महायुद्ध पेटलेलं होतं. सरकारच्या फिल्म ॲडव्हायजरी बोर्डात युद्धप्रचाराच्या छोट्या फिल्म्स करण्याचं काम काही काळ शांतारामांकडेही होतं. कच्च्या फिल्मचा तुटवडा होता, सिनेमाची लांबी ११,००० फुटांवर बांधून घातली होती आणि निर्मात्यांनी युद्धाला मदत होईल असे सिनेमे करावेत, असा सरकारचा आग्रह होता.

एकीकडे हा आग्रह, दुसरीकडे काँग्रेसचे पुढारी तुरुंगात. अशा वेळी देशभक्त दिग्दर्शकाने इंग्रजांच्या युद्धाचा सिनेमा करायचा तरी कसा? शांतारामांना वाट सापडली ती ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका पुस्तकात. त्यातून १९४६ मध्ये आला 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'.

द्वारकानाथ कोटणीस हा सोलापूरचा मुलगा, जन्म १० ऑक्टोबर १९१०. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकला. १९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला. पुढच्या वर्षी काँग्रेसने चिनी सैनिकांवर उपचार करायला पाच डॉक्टर पाठवले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चौघं परतले. कोटणीस राहिले. माओच्या आठव्या रूट आर्मीबरोबर डोंगराळ मुलखात त्यांनी ऑपरेशन्स केली, बेथून हॉस्पिटलचे प्रमुख झाले, नर्स असलेल्या को चिंगलान यांच्याशी लग्न केलं, १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला ते वारले. वय ३२.

पडद्यावर शांताराम स्वतः कोटणीस झाले, जयश्री झाल्या चिंगलान. चीन उभा राहिला तो परळच्या स्टुडिओत. बॉम्ब पडतात, जखमींचे लोंढे येतात, जपानी सैनिक डॉक्टरांना पकडतात, ते निसटतात. मग प्लेगची साथ येते. डॉक्टर तिच्यावर इलाज शोधतात आणि त्याच प्लेगने जातात. मरताना ते बायकोला आपल्या घराची वाट सांगत राहतात आणि पडद्यावर ती बाळाला घेऊन सोलापूरच्या त्या घरी येताना दिसते. हॉलमध्ये कुणाचे डोळे कोरडे राहिले असतील असं वाटत नाही. माझेही राहिले नाहीत.

खरे कोटणीस प्लेगने गेले नाहीत. त्यांना अपस्माराचे झटके येत होते, दिवस-रात्र काम करून शरीर थकलं होतं, त्यातच ते गेले. चिंगलानही तान्ह्या बाळाला घेऊन लगेच सोलापूरला आल्या नाहीत. त्या भारतात आल्या ते पुष्कळ वर्षांनी. तो मुलगा मोठा झाला, डॉक्टर व्हायला मेडिकलला गेला आणि १९६७ मध्ये शिकत असतानाच वारला. चिंगलान २०१२ पर्यंत जगल्या. नवरा गेल्यावर ७० वर्षं!

आता तुम्ही विचाराल, प्लेग घातला तर बिघडलं काय? सिनेमाचं गणित कळतं. अपस्माराने आलेल्या मरणाला शत्रू नसतो. प्लेगला असतो. प्लेगशी लढता येतं, जिंकता येतं, हुतात्मा होता येतं. युद्धपटाला थकून मेलेला माणूस चालत नाही. पण मला थकलेला कोटणीसच जास्त मोठा वाटतो. साडेतीन-चार वर्षं, उपाशीपोटी, भूल द्यायच्या औषधांचीही मारामार असलेल्या जागी, उद्याही पुन्हा तेच करायचंय हे माहीत असताना उठत राहणं. याचा क्लायमॅक्स कसा शूट करणार?

आणि जपानी? त्यांना या सिनेमात घरदार नाही, आईबाप नाहीत. ते येतात ते संकट म्हणून. जपानी सैन्याने चीनमध्ये केलेले अत्याचार खोटे नव्हते, नानजिंगमध्ये १९३७ मध्ये जे झालं ते वाचवत नाही. तेव्हा क्रूर दाखवले म्हणून तक्रार नाही. पण 'अमृतमंथन'मध्ये ज्या माणसाचा कॅमेरा शत्रूच्या बुबुळापर्यंत गेला, तो इथे पुन्हा लांबच्या घोळक्याकडे परत गेला, हे जाणवतं.

त्यात आणखी एक पेच आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त खुणावतो. १९३८ मध्ये हे डॉक्टर चीनला गेले तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष कोण होते? सुभाषचंद्र बोस. या पथकासाठी मदतीचं आवाहन त्यांनी केलं होतं. पाच वर्षांनी हेच नेताजी आझाद हिंद सेना घेऊन जपानच्या बाजूने इंग्रजांशी लढत होते. 'डॉ. कोटनीस' आला त्याच्या आगेमागे लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले होते आणि देश त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरला होता. म्हणजे थिएटरबाहेर जपानचे साथीदार हिरो आणि आत जपान शत्रू. एकाच प्रेक्षकाने दोन्हीकडे टाळ्या वाजवल्या असणार. इंग्रजांना सिनेमात मित्रराष्ट्रांचं युद्ध दिसलं, भारतीयांना सोलापूरचा देशभक्त. 'उदयकाल'मधली जुनी मुखवट्याची युक्ती शांताराम अजून विसरले नव्हते.

पुढे काय झालं तेही ऐका. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं. ज्या चिनी सैनिकांच्या जखमा कोटणीसांनी शिवल्या, त्यांच्याच सैन्याशी आपले जवान हिमालयात लढले. १९६४ मध्ये चेतन आनंद यांनी 'हकीकत' काढला, लडाखमध्ये शूट करून. १८ वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी आपण रडलो, ते आता पलीकडच्या बाजूने येत होते. पडद्यावरची रेघ तीच, तिच्या कुठल्या बाजूला कोण, एवढंच बदललं.

सहा खुनी

शांतारामांसाठी रणांगण त्यानंतर मागे पडलं. 'अमर भूपाळी' १९५१ चा, उतरत्या पेशवाईतल्या होनाजी बाळाचा. 'झनक झनक पायल बाजे', रंग, नाच. तीन लग्नं, मोठा संसार, मोठा स्टुडिओ. त्यांच्या भडक रंगांवर टीकाही झाली, आणि काही ठिकाणी ती रास्त होती.

पण १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' आला. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली तुरुंगवसाहत होती. तिच्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली. सहा खुनी कैदी आणि एक जेलर, जो त्यांना कुंपण नसलेल्या शेतावर घेऊन जातो. सुरुवातीला हे सहाही जण अगदी जुन्या सिनेमातल्या शत्रूसारखे दिसतात. रासवट, दाढीवाले, भीती वाटावी असे. मग कॅमेरा एकेकाजवळ जात राहतो. जेलर झालेल्या शांतारामांची झुंज आहे ती बैलाशी, आणि तिच्या शूटिंगमध्ये त्यांच्या डोळ्यांना खरोखरच इजा झाली. कित्येक दिवस डोळ्यांवर पट्टी होती, नजर राहील की जाईल अशी वेळ आली होती. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला सिल्व्हर बेअर मिळालं. त्याच बर्लिनमध्ये, जिथे एकेकाळी शत्रूला चेहरा देणारा सिनेमा बंद पाडला गेला होता.

१९८५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ३० ऑक्टोबर १९९० ला मुंबईत ते गेले, ८८ वर्षांचे होऊन.

१९२३ चा 'सिंहगड' आज बघायला मिळत नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्म्सच्या गोदामाला आग लागली, त्यात प्रभातच्याही मूळ प्रिंट्स गेल्या. पण 'अमृतमंथन', 'शेजारी', 'डॉ. कोटनीस' आणि 'दो आँखें' थोडं शोधलं तर अजून सापडतात. एकच बघायला वेळ असेल तर 'पडोसी' बघा. आणि वर मी कोण कुठलं पात्र करतं ते सांगून टाकलंय, ते जमलं तर विसरून बघा. मित्राला सोबत न्या, त्याला तर आधी अजिबात सांगू नका.